बारा फुटांचा प्रश्न

मुलं कॉलेजला गेली की अमेरिकेतल्या आपल्या घरांमधलं बेसमेंट मोकळं होतं. टेबल टेनिसचं टेबल कुणाला तरी देऊन टाकलं जातं, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघताबघता क्विल्ट करणारी बाई एक दिवस फोन करते, "ताई, लाँगआर्म घेऊनच टाकू का?" न्यू जर्सीत मी अठरा वर्षं क्विल्ट करते आहे, आणि हा फोन मला इतक्या जणींकडून आला आहे, की प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं एकदा सलग मांडावं असं वाटलं. माझ्याकडे लाँगआर्म, म्हणजे चौकटीवर चालणारं क्विल्टिंगचं मोठं मशीन, नाही. पण दुकानात तासावर भाड्याने घेऊन मी त्यावर चौदा क्विल्टं पुरी केली आहेत, त्याहून अधिक दुसऱ्या बायकांकडे करायला दिली आहेत, आणि उरलेली सगळी घरच्या मशीनवर किंवा हाताने केली आहेत.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. क्विल्टला तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेला टॉप, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसाचा, लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा जाड पापुद्रा, आणि खाली अस्तर. हे तिन्ही थर एकत्र धरणारे टाके म्हणजे क्विल्टिंग. टॉप कितीही देखणा असला तरी त्या टाक्यांवाचून तो पांघरता येत नाही. आपल्या गोधडीतही हेच घडतं. फक्त तिथे बॅटिंगच्या जागी जुन्या लुगड्यांचेच थर असतात आणि धावदोऱ्याने ते एकमेकांना बांधले जातात.

घरच्या मशीनवर अडचण येते ती इथेच. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधल्या जागेला आम्ही थ्रोट म्हणतो. साध्या मशीनला ती सहा-सात इंच असते, क्विल्टसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या मशीनना नऊ ते अकरा. डबल बेडचं क्विल्ट ९० इंच रुंद. त्याच्या मध्यावर टाका घालायचा तर ४५ इंच कापड, बॅटिंगसकट, गुंडाळी करून त्या सात इंचांत कोंबावं लागतं. उरलेलं टेबलावरून खाली लोंबतं आणि सुईला ओढ लावतं. दिवसभर बसून संध्याकाळी खांदे भरून येतात ते या ओझ्याने. टाके घालायला फारसा जोर लागतच नाही.

लाँगआर्मने हे नातंच उलटं केलं. घरी सुई जागेवर असते आणि कापड सरकतं. इथे कापड चौकटीवर ताणून धरलेलं असतं आणि मशीन रुळांवरून त्याच्यावर फिरतं. म्हणजे घरी पाटी हलवून अक्षर काढायचं आणि इथे पेन्सिल हलवून. दहा-बारा फुटांची चौकट, तिच्यावर आडवे रोलर, एका रोलरला अस्तर, दुसऱ्याला टॉप, आणि शिवून झालेला भाग गुंडाळून घ्यायला तिसरा. थ्रोट १८ इंचांपासून ३० इंचांपर्यंत. बहुतेक मशीनना टाक्यांची लांबी राखणारी सोयही असते. चाकांना लावलेले सेन्सर मशीन किती वेगाने सरकतंय ते ओळखतात, त्यामुळे हात भरभर चालवा की सावकाश, इंचाला दहा ठरवलेले टाके दहाच पडतात.

माझ्या मते लाँगआर्मची खरी बचत मात्र टाक्यांच्याही आधी सुरू होते. घरच्या मशीनसाठी तिन्ही थर आधी जमिनीवर पसरावे लागतात, अस्तर चिकटपट्टीने लादीला ताणून बसवावं लागतं, आणि गुडघ्यांवर रांगत मुठीएवढ्या अंतराने सेफ्टी पिना लावाव्या लागतात. मोठ्या क्विल्टला तीनशे पिना सहज लागतात. काही जणी कच्चे टाके घालतात, काही जणी चिकट फवारा मारतात. पद्धत कुठलीही असो, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना ती सारखीच. लाँगआर्मवर हे पूर्ण टळतं, कारण ताण चौकटच देते. म्हणून फोन करणारीला मी पहिला प्रश्न हा विचारते की तुला नको झालंय ते नेमकं काय, पिना लावणं, कापड ओढणं, की टाके घालणंच? पहिलं किंवा दुसरं असेल तर मशीनचा विचार करायला अर्थ आहे. टाके घालणंच नको असेल तर पंधरा हजार डॉलरचं टाके घालायचं यंत्र घरात आणून तिचा काय फायदा?

मशीनवर केलेलं क्विल्टिंग नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात घरोघरी शिलाई मशीन आलं तेव्हापासून ते होतंय. त्या काळी नवं मशीन घरात आल्याचं मिरवायलाही बायका दिसतील असे टाके मुद्दाम घालत. पण मान होता तो हाताच्या टाक्यालाच. १९८०च्या दशकात मिसूरीतल्या वेस्ट प्लेन्स गावच्या गॅमिलसारख्या कंपन्यांनी धंद्यासाठी लाँगआर्म बनवायला घेतलं, त्याच सुमाराला हॅरिएट हारग्रेव्हचं मशीन क्विल्टिंगवरचं पुस्तक आलं (१९८७), आणि १९८९ साली केंटकीतल्या पाड्यूकाच्या क्विल्ट प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोत्तमचा मान मिळाला. त्या प्रदर्शनात मशीनने टाके घातलेल्या क्विल्टला हा मान प्रथमच मिळत होता. हाताने टाके घालणाऱ्या पुष्कळ बायका दुखावल्या, वाद झाला. आज तिथेच हाताच्या कामाला, जागेवरच्या मशीनला आणि फिरत्या मशीनला वेगवेगळी पारितोषिकं असतात. माझ्या लेखी तो वाद तिथेच मिटला. तिन्ही कौशल्यं आहेत, एकाने दुसऱ्याचं काही हिरावून घेतलेलं नाही.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. टॉप एकीने करायचा आणि क्विल्टिंग दुसरीने, ही वाटणी लाँगआर्मने आणलेली नाही. अमेरिकेत शेजारणी एका चौकटीभोवती बसून एकीचं क्विल्ट पुरं करत. आमिश बायका पैसे घेऊन हाताने क्विल्टिंग करून देतात, आणि त्यांची मजुरी मोजायची जुनी रीत म्हणजे टाक्यांना किती वार दोरा लागला. आपल्याकडेही वाकळ किंवा गोधडी अंगणात पसरली की चौघी चार बाजूंनी बसत, आणि पुण्यात 'जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या आजही दिसतात. तेव्हा आपलं क्विल्ट दुसरीकडे दिलं तर ते आपलं उरत नाही, ही बोच मनातून काढून टाकावी. फक्त क्विल्टच्या मागच्या चिठीवर तिचं नाव आपल्या नावाखाली लिहावं. प्रदर्शनांत ही शिस्त पाळली जाते. घरच्या भेटीवरही पाळावी असं मी आग्रहाने सांगते, कारण क्विल्टच्या रूपातला अर्धा वाटा तिचा असतो.

आता पैसे. अमेरिकेत लाँगआर्मवाल्या बाईची मजुरी चौरस इंचावर असते. काठापासून काठापर्यंत एकच नक्षी फिरवायची तर दोन-तीन सेंट, आणि प्रत्येक चौकोनाला वेगळं काम हवं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त. ९० बाय १०० इंचांचं क्विल्ट म्हणजे ९,००० चौरस इंच. दोन सेंटने १८० डॉलर झाले, दोरा आणि बॅटिंग वेगळं. मशीनच्या किमती चौकटीसकट पाच-सहा हजारांपासून सुरू होतात आणि संगणक जोडला की तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातात. मधलं, १२,००० डॉलरचं धरू. १८० ने भागलं तर जवळपास ६७ क्विल्टं भरतात. वर्षाला चार मोठी क्विल्टं करणारीचे पैसे वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील, आणि त्यात सुया, तेल, दुरुस्ती, मोठ्या शंकूवरचा दोरा काहीच धरलेलं नाही. चांगल्या मशीनला पुन्हा विकताना बरी किंमत येते, हे खरं. तरी हिशेब इतका एकतर्फी आहे की बचतीसाठी मशीन घेते असं कुणी म्हटलं तर मी तिला कागद-पेन्सिल घ्यायला सांगते.

मग काही जणी म्हणतात, दुसऱ्यांची क्विल्टं करून देईन, त्यातून हप्ते निघतील. निघतातही. पण तो धंदा आहे. दर आठवड्याला परक्या बाईचं, तिच्या आवडीच्या रंगाचं क्विल्ट चौकटीवर चढतं, आणि आपलं स्वतःचं मागे पडतं. शिवाय दुसरीचा टॉप सरळ नसतो. काठ लाटांसारखे झालेले असतात, मधे फुगवटा असतो. लाँगआर्म ते लपवेल असा समज आहे, तो चुकीचा. ताणलेल्या चौकटीवर जास्तीचं कापड जाणार कुठे? त्याची चुणी पडते, आणि ती कायमची शिवली जाते. टॉप मधोमध मोजून काठ त्या मापाने जोडायचे, हे कंटाळवाणं काम पंधरा हजारांच्या मशीनपुढेही सुटत नाही.

जागेचं सांगायचं तर बारा फुटांची चौकट म्हणजे बारा फूट नव्हेत. दोन्ही टोकांना माणूस वळायला जागा हवी. पुढे उभं राहून मनाने नक्षी काढायला तीन फूट, आणि मागच्या बाजूने छापील नक्षीवर लेसरचा ठिपका फिरवत काम करायचं तर मागेही तितकेच. थ्रोटच्या आकड्यातही असंच आहे. १८ इंच म्हटले तरी शिवलेलं क्विल्ट ज्या रोलरवर गुंडाळलं जातं तो थ्रोटमध्येच बसतो, आणि काम पुढे सरकेल तसा जाड होतो. हाताशी उरतात बारा-चौदा इंच. तेवढा पट्टा शिवायचा, गुंडाळायचा, पुन्हा पुढचा पट्टा. शंभर इंचांचं क्विल्ट आठेक पट्ट्यांत होतं. क्विल्ट फिरवता येत नसल्यामुळे वरपासून खालपर्यंत सलग उभी रेघ मारायची तर ती पट्ट्यापट्ट्याने जुळवावी लागते. एकमेकींना चिकटून जाणाऱ्या सरळ रेघांचं काम, जे मला स्वतःला फार आवडतं, ते घरच्या मशीनवर, थर एकसारखे सरकवणारा वॉकिंग फूट लावून जास्त नीट होतं.

शिकण्याबद्दल मशीन विकणारे कमी बोलतात, म्हणून मी जरा जास्त बोलते. माझं भाड्याच्या मशीनवरचं तिसरं क्विल्ट भाच्याच्या लग्नाचं होतं. निळ्या-पांढऱ्या तुकड्यांचं, वर पिसांची वळणदार नक्षी. वरून टाका मोत्यासारखा बसत होता. लाँगआर्मवर खालची बाजू दिसत नाही, अस्तर रोलरांच्या मध्ये ताणलेलं असतं. मी सगळे आठ पट्टे शिवले, क्विल्ट उतरवलं, उलटं केलं, आणि प्रत्येक वळणावर वरचा दोरा खाली ओढला जाऊन त्याच्या बारीक झालरी झालेल्या दिसल्या. क्विल्टवाल्या बायका त्यांना पापण्या म्हणतात. वळणावर मी मशीन झटका देऊन फिरवत होते, त्याने सुई वाकत होती, आणि वरच्या दोऱ्याचा ताण खालच्याला पुरत नव्हता. जिथे बोट अडकत होतं ते सगळे टाके चार संध्याकाळी बसून उसवले. उसवलेल्या जागी पांढऱ्या कापडावर सुईची भोकं राहिली होती. धुतल्यावर बरीच बुजली, सगळी नाहीत.

तेव्हापासून मी चौकटीच्या बाजूला अस्तर आणि बॅटिंगचा मोकळा सोडलेला काठ असतो त्यावर आधी टाके घालून बघते. अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त घ्यायला सांगतात ते यासाठीही. आणि दर पट्ट्यानंतर हात खाली घालून अस्तराच्या पाठीवरून बोटं फिरवते. सारखा बसलेला टाका बोटाला बारीक दाण्यांच्या ओळीसारखा लागतो. सैल दोरा केसासारखा सरकतो. डोळ्यांना न दिसणारं काम बोटांनी वाचायला मला दहा क्विल्टं लागली. वर्षाला चार करणारीला हे अंगात भिनायला अडीच वर्षं लागतील, आणि मधे चार महिने खंड पडला की हात पुन्हा कच्चा होतो.

संगणक यावर उतारा आहे का? काही अंशी. नक्षी पडद्यावर निवडायची, क्विल्टची मापं द्यायची, मशीन आपणहून फिरतं. झटका देत नाही, थकत नाही. पण ताण त्यालाही जुळवावा लागतो, दोरा तुटला की थांबून तोच बिंदू शोधावा लागतो, आणि दर पट्ट्याला नक्षीची जुळणी तपासावी लागते. म्हणजे जवळ उभं राहावंच लागतं. मला त्यात एक पोकळी जाणवते. हाताने फिरवलेल्या रेषेत माझा श्वास असतो, तो संगणकाच्या रेषेत सापडत नाही. हे माझं मन आहे. ज्यांना टॉपचीच ओढ आहे आणि टाके निर्दोष, एकसारखे हवेत, त्यांना संगणक खरोखर सुख देतो, आणि ते सुख खोटं नाही.

घ्यायचं की नाही याच्या मधे पुष्कळ वाटा आहेत, आणि त्यांच्याकडे पुरेसं बघितलं जात नाही. पहिली सगळ्यात स्वस्त आहे. घरचं मशीन टेबलात पाटासारखं सपाट बसवायचं आणि डावीकडे-मागे आणखी एकेक टेबल लावायचं, म्हणजे क्विल्ट लोंबत नाही. यातच अर्धी खांदेदुखी जाते. दुसरी, क्विल्टचे तीन-चार भाग करून प्रत्येक वेगळा शिवायचा आणि मग जोडायचे. जोडाची शिवण जाड येते, पण कापडाचं ओझं निम्म्याहून कमी होतं. तिसरी, बसून चालवायची मोठ्या थ्रोटची मशीन. हँडी क्विल्टरच्या स्वीट सिक्स्टीनला १६ इंच आहे, बर्निनाच्या क्यू २० ला २० इंच. जागा एका टेबलाएवढीच लागते. पण इथे कापड हातानेच फिरवायचं, म्हणून पिना लावणं सुटत नाही. ज्यांना सुईखाली कापड फिरवण्याची सवय आणि आवड आहे त्यांच्यासाठी मला ही वाट सर्वांत शहाणी वाटते. आणि चौथी, भाड्याची. अमेरिकेत कित्येक दुकानं एक वर्ग करून घेतात आणि मग तासावर मशीन देतात. मशीन घ्यायचं मनात असलेल्या प्रत्येकीने आधी पाच क्विल्टं भाड्याच्या मशीनवर करावीत. पाचव्या वेळी दुकानाकडे जाताना पाय उचलतात की जड होतात, ते तिचं तिला कळतं.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात तेव्हा उत्तर आणखी वेगळं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांची चौकट कशीबशी बसेल, पण तिच्या टोकांना वळायला जागा उरणार नाही. मशीन परदेशातून आणायचं, अमेरिकेच्या १२० व्होल्टचं मॉडेल आपल्या २३० व्होल्टला चालेल का हे आधी विचारून घ्यायचं, आणि पुढे एखादा सेन्सर बिघडला तर सुट्या भागासाठी वाट बघायची. त्यापेक्षा तिथे दुसरी श्रीमंती आहे, ती म्हणजे धावदोऱ्याने थर बांधणारे हात. गोधडीला हाताने मारलेल्या दोऱ्याने जी बारीक सुरकुती येते, जिच्यामुळे ती अंगाला लपेटून बसते, ती ताणलेल्या चौकटीवर येत नाही. चौकट कापड सपाट ठेवण्यासाठीच केलेली आहे. जुन्या साड्यांची गोधडी लाँगआर्मवर करायची म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसं करू नका. तिला हातच हवा.

मग घ्यावं कुणी? माझ्या ओळखीत एक बाई आहे. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, हात डोक्याच्या वर जात नाही. ती वर्षाला तीस-पस्तीस लहान क्विल्टं करते आणि सगळी आजारी मुलांसाठी देऊन टाकते. तिने जुनं, संगणक नसलेलं लाँगआर्म नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतलं. चौकट आठ फुटांचीच ठेवली, कारण तिची क्विल्टं मोठी नसतात. तिच्या बाबतीत हिशेब बसतो, शरीर बसतं, जागा बसते, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी मशीनजवळ उभं राहणं तिला आवडतं. तिने मला विचारलं असतं तर मी क्षणभर न थांबता हो म्हटलं असतं. अशी दुसरी मला अजून भेटलेली नाही. बाकीच्यांना माझं उत्तर नाही असंच असतं, आणि ते मी गुळमुळीतपणे देत नाही.

परवा फोन आला तो अशाच एका मैत्रिणीचा. बेसमेंट मोकळं, प्रदर्शनात बघितलेलं मशीन डोक्यात, नवऱ्याची संमतीही मिळालेली. मी तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस, कपाट उघड आणि क्विल्टिंगसाठी थांबलेले टॉप मोज. हँगर सरकवल्याचा आवाज आला. "तीन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्यातला एक आईच्या साड्यांचा आहे, तो मी मशीनला लावणारच नाहीये." सगळ्यात मोठा तिने लाँगआर्मवाल्या बाईकडे दिला आहे, दोन महिन्यांनी मिळेल. दुसऱ्यासाठी बेसमेंटमध्ये दोन टेबलं जोडून मधे मशीन बसवलं आहे. आईच्या साड्यांचा टॉप दिवाणावर पसरलेला आहे, आणि येत्या शनिवारी आम्ही तिघी जणी जाड सुती दोरा घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.